मागच्या बाजूचा कागद

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवून कुणी "झालं" म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. नातीच्या शाळेचा प्रकल्प असो, गणपतीची आरास असो, नाहीतर शेजारच्या मुलांनी टेबलावर मांडलेला लढाईचा खेळ असो. मी न विचारता जाते, ते उलटं करते आणि म्हणते, "मागं काय लावलंय?" मागं काहीच नसतं. दोन दिवसांत चारी कोपरे वर येतात आणि मग सगळे मिळून पुठ्ठ्याला नावं ठेवतात. त्या पुठ्ठ्याचा काय दोष? घरचे म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडायचं. एवढीशी गोष्ट! या एवढ्याशा गोष्टीवरून मी सख्ख्या भावाशी दोन महिने बोलले नव्हते.

मी नगरच्या एका बुकबाइंडरची मुलगी. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. शाळेची पुस्तकं, कचेरीची रजिस्टरं, घराघरांतल्या जुन्या पोथ्या, सगळं आप्पा बांधायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. मी दहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून शिकले. दादा, माझा थोरला भाऊ, कधीच बसला नाही. सुई-दोऱ्याचं आणि खळीचं काम त्याला बायकी वाटायचं. तो नागापूरला नवीन कारखाने निघाले तिथे मशीनवर लागला, आणि पगाराच्या दिवशी घरात असा वावरायचा की जणू ते मशीन त्याच्याच मालकीचं.

आप्पा वारले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. दुकान मी चालवायला लागले. गिऱ्हाईक मात्र दारात उभं राहून विचारायचं, "घरात कोणी माणूस नाही का?" मी समोर आरी हातात धरून बसलेली, आणि यांना माणूस हवा! पुढे वर्षभरात त्या मशीननं दादाच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं घेतली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. कारखान्यानं थोडे दिवस झाडू-पाण्याच्या कामावर ठेवलं आणि मग घरी बसवलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. रेशनवर लाल मिलो म्हणजे परदेशी ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. दादा रोज कुठेतरी काम विचारायला जायचा आणि परत यायचा. लोक आधी हाताकडे बघायचे, मग तोंडाकडे बघायचेच नाहीत. आईचं माहेर खर्ड्याकडचं. तिकडे सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आईनं ठरवून टाकलं होतं, पाडव्यापर्यंत दादाला नोकरी लागली नाही तर त्याला घेऊन ती भावांकडे जाणार आणि तोही खडी फोडणार. त्या हातानं! अंगठ्यानं आणि करंगळीनं हातोडा कसा धरायचा, ते आईला कुणी विचारत नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. दादाला नोकरी, नाहीतर खडी.

अशात एक दिवस लष्कराच्या छावणीतले एक सुभेदार रजिस्टरं बांधून न्यायला आले. मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. त्यांनी बांधलेलं रजिस्टर हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, एका कोपऱ्यावर बोट दाबून बघितलं, मग दुसऱ्या. रजिस्टर हललं नाही.

"हा पुठ्ठा असा सपाट कसा राहतो हो?" त्यांनी विचारलं. विचारलं कुणाला? दादाला. दादा पुढं खुर्चीवर हात खिशात घालून बसलेला होता. मी आत जमिनीवर बसून शिवत होते.

"आमचं कामच हाय ते, साहेब," दादा म्हणाला.

मग सुभेदारांनी त्यांची अडचण सांगितली. छावणीत एका खोलीत मोठी टेबलं होती. त्यांवर डोंगर, नदी, रस्ते, पूल असं सगळं लहान करून मांडायचं आणि साहेब लोक त्यावर लढाई खेळायचे. एक बाजू लाल, एक बाजू निळी. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं आणि बोटाएवढे रणगाडे पुढं सरकवायचे. लाकडाचे आणि प्लास्टरचे डोंगर जड व्हायचे, एका खोलीतून दुसरीकडे न्यायला चार माणसं लागायची. म्हणून कुणीतरी पुठ्ठ्याचे तक्ते केले, स्वस्त आणि हलके. ते सगळे वाकले. मध्ये फुगवटा आला, रणगाडे आपोआप घरंगळून नदीत जायला लागले, पट्टी डुगडुगायला लागली आणि साहेब लोक खरोखरीचे भांडायला लागले.

"अडीच फूट लांब, दोन फूट रुंद असा एक तक्ता नमुना म्हणून करून आणा," सुभेदार म्हणाले. "एक डोंगर, एक नदी. आठ दिवस आमच्या खोलीत पडू द्या. सपाट राहिला तर मी तुमचं नाव वर पाठवतो. मला या कामाला कायमचा माणूस पाहिजे."

ते गेले आणि आईनं देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, "मी करते." आई म्हणाली, "आगं, त्याला करू दी की. नोकरी त्याची हाय, तुजी न्हाई. पोरीच्या जातीला कोन घेतंय छावनीत?"

ठीक आहे. करू दे म्हटलं. मी बघत बसले. आणि जे बघितलं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दादानं खळ घेतली ती आमचीच, चिंचोक्याची. गव्हाच्या पिठाची खळ करायला गहू होता कुठे? धनगर घोंगडीला लावतात तीच ही. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजत घालून वाटायचे, शिजवायचे, आणि झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं. ती दाट पाहिजे. दादानं तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं, का तर पटापट पसरते! एकच पिवळा पुठ्ठा घेतला, त्यावर ड्रॉइंगचा कागद चिकटवला, वर कागदाच्या ओल्या लगद्याचा थापून डोंगर केला, थबथबीत, पाणी निथळतंय असा. आणि ते सगळं नेऊन ठेवलं कुठे? पत्र्यावर. मार्च महिन्याच्या उन्हात. भर दुपारी.

"दादा, मागं कागद लाव," मी म्हटलं.

"मागची बाजू कोन बघतंय?"

"बघायचा प्रश्न नाही रे बाबा. ओला कागद फुगतो आणि वाळताना आखडतो. आखडला की पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दोन्हीकडून सारखी ओढ असली तरच तो मध्ये सरळ राहतो. आप्पा काय सांगायचे? पुढं जे लावाल, तेच मागं लावा."

"लई शानी झालीस. कागद फुकट येतो व्हय?"

त्यानं पुढच्या बाजूपुरताच कागद आणला होता. मोजून.

संध्याकाळी पत्र्यावरून तो तक्ता खाली काढला तेव्हा त्यात बाळ निजवता आलं असतं. चारी कडा वर, डोंगराला मधोमध भेग. आई बघत राहिली. मला हसू आलं आणि रडूही आलं, पण सगळ्यात जास्त आला तो राग. आईचा! अहो, जी बाई उडदाचे पापड कधी कडक उन्हात टाकत नाही, वाकतात म्हणून. सावलीत वाळवते, मध्येच उलटते, अर्धवट वाळले की एकावर एक रचून वर पाट आणि वरवंटा ठेवते. त्या बाईला पोराचा पुठ्ठा पत्र्यावर जाताना दिसला नाही? दिसला. पण पोरगा करतोय ना, म्हणजे बरोबरच असणार.

"आई, पापडाला जे कळतं ते याला का कळत नाही?" मी ओरडले.

"पापड येगळा आन् ह्ये येगळं," आई म्हणाली. पण आवाजात जीव नव्हता.

दादा उठला. दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, आणि खिशातला हात बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिला. पाडवा तोंडावर आला होता. मला त्याची कीवही आली, खोटं कशाला सांगू. मी पदर खोचला आणि कामाला लागले.

मी दोन पुठ्ठे घेतले. पुठ्ठ्याला आडवं-उभं असतं, कापडाला असतं तसंच. कोपरा फाडून बघितला की कळतं, सरळ फाटेल ती उभी बाजू. एक उभा ठेवला, एक आडवा, मध्ये दाट खळ, आणि दोन दिवस पुस्तकं दाबायच्या लाकडी शिकंज्यात आवळून ठेवले. डोंगर तक्त्यावर केलाच नाही. लगदा फडक्यात घालून पिळून पिळून कोरडा केला, त्यात भुसा आणि खळ घातली, आणि जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर थोडा थोडा चढवत गेले. आजचा थर वाळला की उद्याचा. पूर्ण वाळल्यावर मग तो उचलून तक्त्यावर बसवायचा, म्हणजे त्याचं पाणी पुठ्ठ्याला लागत नाही. एवढं साधं आहे हे. यात मंत्र नाही, तंत्र नाही. सावली, वजन आणि दम धरणं.

राहिला कागद. पुढच्या बाजूला पुन्हा ड्रॉइंगचा जाड कागद लागणार होता, तो आईनं कुठूनतरी आणून दिला. पण मागं? पुढं जाड आणि मागं वर्तमानपत्र असं चालत नाही. ओढ सारखी पाहिजे. घरात तसला जाड कागद एकच होता. माझी चित्रं.

मी शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, दोन्हींत वरची श्रेणी. चित्रकलेची शिक्षिका व्हायचं माझ्या मनात होतं. आप्पा गेले आणि ते मनातच राहिलं. सरावाची चित्रं मात्र मी गुंडाळी करून फडताळात ठेवली होती. तांब्या, परात आणि तीन कांदे. कण्हेरीच्या पानांची नक्षी. दारातली सायकल. आमचा शिकंजा. आणि शहराच्या एका वेशीचा दरवाजा, जो मी तीन दिवस उन्हात उभी राहून काढला होता. प्रत्येकाच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव, इयत्ता आणि तारीख.

चार चित्रं पूर्ण बसली. वरच्या-खालच्या कडेला दोन-दोन बोटं जागा राहिली. तिथे पट्ट्या लागणार होत्या. मी वेशीचा दरवाजा घेतला आणि कातरीनं उभा कापला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, येवढं कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या लेकाची नोकरी सपाट राहावी म्हणून."

चित्रांची बाजू आत घालून डकवायला माझा जीव झाला नाही. चित्रं बाहेर ठेवली. मग पुढं रंग दिला, नदी निळी, डोंगर आपल्या इकडच्या उन्हाळ्यातल्या डोंगरासारखा पिवळट. ओलावा शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना वार्निशचा हात दिला. तक्ता फरशीवर ठेवला आणि चारी कोपऱ्यांवर बोट दाबून बघितलं. ढिम्म हलला नाही.

दादानं तो चादरीत गुंडाळून सायकलवर छावणीत नेला. मग ते आठ दिवस. आठही दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. नवव्या दिवशी दादा सकाळीच गेला आणि दुपारी परत आला तो शिट्टी वाजवतच.

"घेतलं!" तो म्हणाला. "म्हैनाभर बघत्याल, मंग कायम."

आई रडायला लागली. मीही रडले. मी ताट वाढलं. दादा जेवता जेवता सगळं सांगायला लागला. सुभेदारांनी तक्त्यावर कसे रणगाडे ठेवले, एकही कसा घसरला नाही, दोन साहेब कसे वाकून बघायला आले. "आन् मंग सुभेदारानं तक्ता उलटा केला," दादा हसत म्हणाला. "माजी तर पाचावर धारन बसली. मागं तुजी ती चित्रं! त्यो इचारतो, ही कुनाची? खाली पोरीचं नाव हाय. मी बी काय कच्चा न्हाई. म्हनलं, रद्दी हाय साहेब. कागद कमी पडला म्हनून रद्दी लावली."

भातावर आमटी वाढता वाढता माझा हात थांबला.

"काय म्हणालास?"

"आगं, म्हनावं लागतं. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला ठिवलं असतं का?"

मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. आणि मग मी जी सुटले! काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं आठवतं, मी म्हटलं, "नोकरी घे. हात माझे वापरलेस, तेही घे. आप्पांची विद्या विक, ती तुझीपण आहे. माझी चित्रं कापून मी तुझ्या तक्त्याला लावली, तेव्हा मी हूं का चूं केलं का? तुला म्हणायचं होतं ना, मीच केलं, तर म्हणायचंस! बहिणीची आहेत, एवढंही तोंडातून निघालं नाही? रद्दी? वेशीचा दरवाजा रद्दी?"

"वेशीचा कंचा?" दादानं विचारलं.

त्यानं बघितलीच नव्हती. ज्याच्या जिवावर नोकरी मिळाली, तो तक्ता यानं एकदाही उलटा करून बघितला नव्हता. सुभेदारांनी उलटला तेव्हाच त्याला कळलं मागं काय आहे ते. त्या क्षणी मला जो राग आला, तो तसाच अजून माझ्याजवळ आहे. पन्नास वर्षं झाली, वार्निश लावून ठेवावा तसा राहिलाय.

मी बोलणं टाकलं. नोकरीतला पहिला तक्ता त्याला छावणीत स्वतः करायचा होता. पंधरा दिवसांनी तो घरी आला, काखेत तो तक्ता घेऊन. मागं कागद लावलेला होता, पण खळ पातळ, वाळवला पंख्याखाली, वजन ठेवलेलं नाही. नुसतं वाकडं नाही, तर तिरपं पिळवटलेलं. सुभेदारांनी म्हटलं होतं, महिना भरायला पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात नमुन्यासारखा करून दाखवा, नाहीतर माझा नाइलाज आहे.

आई माझ्या पाठीमागे लागली. "भाऊ हाय तुजा. एक करून दी."

"एक करून देते," मी म्हटलं. "मग दुसरा कोण करणार? तिसरा? मी जन्मभर याचे तक्ते करायचे आणि यानं रद्दी म्हणायचं?"

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे घरात तिघं आणि बोलणारं कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी दादा माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर, आप्पांच्या जागेशेजारी.

"करून दिऊ नको," तो म्हणाला. "शिकव."

मी त्याला शिकवलं. प्रेमानं बिमानं शिकवलं असं कुणी समजू नये. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि नुसत्या तोंडानं सांगितलं, आणि माझं तोंड कसं आहे ते एव्हाना कळलंच असेल. "पाणी घालू नको! ही काय आमटी आहे? पीळ तो लगदा, अजून पीळ! उन्हात कुठे निघालास? सावलीत! आणि आता हात लावू नको त्याला, दोन दिवस. दोन दिवस म्हणजे दोन दिवस!" तो डाव्या हातानं खळ लावायचा, आणि कागद बसवायचा उजव्या हातानं. एक मात्र कबूल करते. बोटं नसलेला तो तळवा कागदावरून असा सपाट फिरायचा की खाली हवेचा एक बुडबुडा राहायचा नाही. माझ्या हाताखाली राहायचे. मी ते त्याला तेव्हा सांगितलं नाही. कशाला सांगू?

दोन्ही बाजूंचा कागद त्यानं स्वतः आणला होता. मागं लावायचा आधी काढून बाजूला ठेवला होता.

तक्ता सपाट झाला. तो घेऊन निघाला तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "सुभेदारांना सांग, ती रद्दी नव्हती."

"सांगतो," तो म्हणाला.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. नोकरी कायम झाली होती. मी विचारलं, "सांगितलंस?" त्यानं पेढा पुढं केला. मी पेढा घेतला नाही, आणि त्यानंतरचे ते दोन महिने. शेवटी आईच्या आजारपणात बोलावं लागलं म्हणून बोलले. पुढे माझं लग्न झालं, दुकान बंद झालं. दादानं आयुष्यभर ती नोकरी केली. किती डोंगर, किती नद्या केल्या असतील कुणास ठाऊक. नवीन मुलांना तो शिकवायचा, म्हणे. पुढं जे लावाल तेच मागं लावा, असं सांगायचा. कुणाचं म्हणून सांगायचा, ते मी कधी विचारलं नाही.

तो निवृत्त झाला त्या आठवड्यात माझ्या घरी आला. सायकलवर नाही, रिक्षानं. केस पांढरे, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. मी केलेला तो नमुन्याचा तक्ता. छावणीतल्या जुन्या वस्तू मोडीत काढताना त्यानं तो मागून घेतला होता. डोंगराचे टवके उडाले होते, नदीचा रंग हातांनी पुसून गेला होता. मी तो फरशीवर ठेवला आणि सवयीनं चारी कोपऱ्यांवर बोट दाबलं.

हलला नाही.

"बग," दादा म्हणाला. "आजून सपाट हाय."

"रद्दीच ती," मी म्हटलं. "किती टिकली."

त्यानं तक्त्यावरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाला, "सुभेदाराला न्हाई सांगितलं मी. भ्यालो हुतो. नंतर त्यो गेला बदलून, मंग सांगायला कुनी ऱ्हायलंच न्हाई." तक्ता उलटा करत म्हणाला, "पन ह्यो तक्ता मी कुनाला मोडू दिला न्हाई. आन् रोज उलटा करून बगायचो."

राग असा सहज जात नाही, निदान माझा तरी जात नाही. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर ठोकाठोक ऐकू आली म्हणून येऊन बघते, तर दादा स्टुलावर चढून डाव्या हातानं भिंतीत खिळा मारत होता. त्यानं तक्ता टांगला होता, चित्रं खोलीकडे, डोंगर भिंतीकडे. तांब्या, परात, तीन कांदे. नक्षी, सायकल, शिकंजा. कडेला वेशीच्या दरवाज्याच्या पट्ट्या. वार्निश पिवळं झालं होतं, पण चारी चित्रांखालची नावं स्पष्ट वाचता येत होती. मागच्या डोंगरामुळे तक्ता भिंतीला टेकत नव्हता, म्हणून खालच्या कडेला तो दुसरा खिळा ठोकत होता.

"अरे, पुढची बाजू भिंतीकडे गेली," मी म्हटलं.

"ती कोन बघतंय?" दादा म्हणाला.

 मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि स्टूल धरलं.

"खिळा वाकडा जातोय," मी म्हटलं. "सरळ ठोक आधी."